पार्श्वभूमी : बार्शीचा पुरावा आणि न तपासलेला चौथा गट

पुराव्यावर आधारलेले वैद्यक १९९०च्या सुमारास कॅनडातल्या एका विद्यापीठातून पुढे आले, हे जर्नल क्लबला, म्हणजे डॉक्टरांच्या शोधनिबंध वाचून चर्चा करायच्या बैठकीला, बसलेल्या कुणालाही सांगायला नको. आपल्याकडची सवय त्याआधीची. १९५६मध्ये मद्रासला क्षयरुग्णांचे दोन गट पाडून सॅनेटोरियम आणि घरचे उपचार ताडून पाहिले गेले. घर कमी पडले नाही.

सोलापूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६३चे. थिसिस, राऊंडवर ‘कशावरून?’ असा प्रश्न, संख्याशास्त्राची धास्ती हे सगळे तिथेही इतर ठिकाणांसारखेच. पण जिल्ह्यातला खरा धडा सत्तरेक किलोमीटरवर, बार्शीत घडला.

बार्शीत १९८७पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे, देशातली पहिली. दवाखान्यात रुग्णाची वाट न बघता तिथले कर्मचारी गावोगाव हिंडत, जाणत्या माणसांना भेटत, अंगावरून जाण्याची तक्रार असलेल्या बाईला तपासणीला आणत. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत जास्त, हे या नोंदींतूनच दिसले.

मग तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू घटतात का हे बघायला २०००च्या आसपास शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ५२ गावसमूह चिठ्ठी टाकल्यासारखे चार गटांत वाटले गेले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एका गटाला एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा शोध; दुसऱ्याला पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणे; तिसऱ्याला व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते बघणे. चौथ्याला फक्त माहिती आणि नेहमीची सेवा.

वाद पेटला तो या चौथ्या गटावरून. हा प्रयोग करणाऱ्यांचे म्हणणे साधे होते : जिल्ह्यात तपासणीची सोयच नव्हती, मग कुणाकडून काय काढून घेतले? टीकाकार म्हणाले, पॅपचा उपयोग श्रीमंत देशांत कित्येक वर्षांपूर्वी दिसलेला. कॅन्सर होतोय का हे बघायला बायकांना न तपासता कसे ठेवता? २००९मध्ये आलेले आकडे दोन्ही बाजूंना पुरले. आठ वर्षांत एचपीव्ही गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४, आणि तोही गट थोडा लहानच. चौथा गट नसता तर हा फरक मोजता आला नसता, हे खरे. पण पहिला युक्तिवाद मला कायम सोयीचा वाटत आला आहे. सोय नाही म्हणून ती न देणे हाच निकष धरला, तर तालुक्यातल्या बाईची तुलना कायम ‘काहीच नाही’शीच होणार.

पॅप आणि व्हीआयए गटांत मृत्यू ठळकपणे घटले नाहीत. उलट तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये नर्सनी केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी, तर मुंबईत दर दोन वर्षांनी केलेल्या व्हीआयएने ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, शिकवायला याहून चांगले उदाहरण नाही : एकच तपासणी, तीन निकाल, फरक नर्सच्या हाताचा, फेऱ्यांचा की गावांचा?

२०१६च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए निवडली. स्वस्त, निकाल हातोहात, प्रयोगशाळा नको. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मात्र एचपीव्ही चाचणीच्या बाजूने गेली, जिचा जोर उस्मानाबादच्याच गावांत सिद्ध झाला होता.