खरी कॉर्नरचा कॅमेरा आणि 'बाहेरचं काम' : थोडी पार्श्वभूमी

फोटोग्राफी शिकायला येणारी पोरं हल्ली दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच विचारतात, सर बाहेरचं काम कसं मिळतं. आमच्या वेळी बाहेरचं काम म्हणजे सांगली नाहीतर बेळगावचं लग्न, फार तर पुणं. आता बाहेर म्हणजे दुबई, लंडन, किंवा घरात बसून परदेशी साईटवर फोटो विकणं. प्रश्न बरोबरच आहे, पण उत्तर द्यायला बसलं की बरंच मागं जावं लागतं, कारण कोल्हापूरची अडचण कॅमेरा चालवण्यात कधीच नव्हती.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्याच्यासमोरनं आपण रोज गाडी काढतो आणि बघत नाही. बाबुराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव, दोघं नाटकाचे पडदे रंगवणारे, सिनेमा बघून वेडे झाले आणि कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला वारले तरी बाबुराव थांबले नाहीत, विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून त्यांनी तो पुरा केला आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा १९२० चा सिनेमा 'सैरंध्री' त्याच्यावर शूट झाला. या कंपनीत कसला सिलॅबस नी कसलं सर्टिफिकेट, पडेल ते काम करायचं आणि बघून शिकायचं. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल सगळे तिथलेच. पुढं १९२९ ला त्यांनी इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ ला ती पुण्याला हलवली, आणि १९३७ साली दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या फिल्म महोत्सवात गाजला. म्हणजे कोल्हापुरात हात बसलेली माणसं व्हेनिसपर्यंत पोचली, पण व्हाया पुणं. पुढं प्रभातच्याच जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट झाली, म्हणजे शाळासुद्धा पुण्यालाच. असो, हे आमचं जुनं दुखणं आहे.

स्टिल फोटोचं म्हणाल तर शिकून परदेशात जायची गोष्ट त्याहून जुनी आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ लाच फोटोग्राफीचा वर्ग सुरू झालेला, त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांचे फोटो १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लागले. लाला दीनदयाळ यांचे १८९३ ला शिकागोत. त्यामुळं 'इंटरनॅशनल एक्स्पोजर' हा इन्स्टाग्रामनं लावलेला शोध आहे असं कुणी समजू नये.

आपल्याकडं मात्र शिक्षण म्हणजे स्टुडिओ. दहावी झालेला पोरगा मालकाकडं लागणार, आधी वर्षभर बॅकड्रॉप झटकणार, गिऱ्हाईकाला कंगवा-आरसा देणार, मग डार्करूम. लाल बल्ब, हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाचा, आंबूस वास, बोटं पिवळी. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग करायचं, नवरीच्या गालावरचा वण जावा पण गाल सपाट दिसू नये, हे जमायला दोन-तीन वर्षं जायची. माझा स्वतःचा हात असाच बसला आणि आजही फोटोशॉपमध्ये काम करताना तोच हात उपयोगी पडतो. पण त्या सगळ्या वर्षांत फोटो कुणाच्या मालकीचा, कुणी कुठं छापला तर काय, असला एक शब्द मालकांनी काढला नाही, त्यांनाही कुणी सांगितलेला नव्हता. फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का असायचा, काढणाऱ्या पोराचं नाव कुठंच नाही.

मग आली सलॉनची, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांची दुनिया. फियाप ही जागतिक फेडरेशन १९५० ची, आपली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ ची. मोठे प्रिंट जाड पुठ्ठ्यात बांधून पोस्टानं पाठवायचे, परत आले की मागची लेबलं मोजायची आणि पुरेशी ॲक्सेप्टन्स, म्हणजे प्रदर्शनासाठी निवड, झाली की नावापुढं एएफियाप ही फियापची पदवी लावायची. कोल्हापूर हे तर सलॉनवाल्यांचं माहेरघर, तालमीतली तांबडी माती, जोतिबाचा गुलाल, पट्टणकोडोलीचा भंडारा, फोटोवाले लांबलांबून येतात. मी पण त्यात होतो, मजा आली, डोळा तयार झाला. पण खरं सांगायचं तर सलॉन हा बाजार नव्हे, तिथं एन्ट्री फी आपण भरतो आणि पदक घेऊन घरी येतो. बाजार म्हणजे समोरचा पैसे देणार, आणि पैसे देणारा आधी कागद मागतो.

तो कागद आपल्या दारात आला स्टॉक साईटबरोबर, म्हणजे तयार फोटो विकणाऱ्या वेबसाईटबरोबर. आयस्टॉक २००० चं, शटरस्टॉक २००३ चं. डिजिटल एसएलआर हातात आल्यावर मीसुद्धा एका साईटवर कुस्तीचे वीस फोटो टाकले, चेहऱ्यावर घाम, माती उडतेय, एक नंबर. सगळे रिजेक्ट. कारण ना फोकसचं होतं, ना नॉईजचं, कारण एकच, मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी, नव्हती. हे काय असतं तेच माहीत नव्हतं! जाहिरातीसाठी विकायचा तर ओळखू येणाऱ्या माणसाची सही लागते, बातमीसाठी द्यायचा तर सही नसली तरी चालतं पण कॅप्शनमध्ये कोण, कुठं, कधी हे चोख पाहिजे, आणि माझ्या कॅप्शनमध्ये नुसतं 'नाद खुळा' होतं. त्यात पुन्हा अमेरिकन साईट असेल तर डब्ल्यू-८बेन नावाचा टॅक्सचा फॉर्म, तो भरला की भारत-अमेरिका करारामुळं तिथल्या रॉयल्टीवर ३० टक्क्यांऐवजी १५ टक्के कापतात, न भरता बसलेले मित्र माझ्या माहितीत आहेत.

आणि आपल्या घरचा कायदा? कॉपीराइट ॲक्ट १९५७ चा, त्याचं कलम १७ असं म्हणतं की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला तर पहिला मालक तो पैसे देणारा, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे लग्नाचा अल्बम कायद्यानं पार्टीचा. २०१२ च्या दुरुस्तीनं फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीपर्यंत आणि त्यापुढं ६० वर्षं असा वाढला, पण मुळात हक्क ठेवायचा तर दोन ओळी लिहून घ्याव्या लागतात, आणि आपल्याकडं ॲडव्हान्स घेतानासुद्धा लोक "आमच्यावर विश्वास न्हाई व्हय" म्हणतात.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि इथं गदारोळ झाला. २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आपली चप्पल, राग येणारच. त्या दिवसांत माझ्या एका विद्यार्थ्याला बाहेरच्या माणसानं विचारलं, कारागिराचे चांगले फोटो आहेत का, कातडं कापण्यापासून शिलाईपर्यंत. होते की! चप्पल लाईनला जाऊन त्यानं सुंदर काढलेले, पण मोठ्या फाईली उडवलेल्या, उरले ते व्हॉट्सॲपवरचे, कारागिराचं नाव कुठं लिहिलेलं नाही. काम गेलं.

म्हणून आता आमच्याकडं पहिल्या सत्रात लेन्सच्या आधी मॉडेल रिलीजचा फॉर्म येतो, मराठीत एक आणि इंग्रजीत एक, बॅगेत पेनासकट. मागच्या महिन्यात पोरं तालमीत गेली, वस्तादांनी हात पुसून फॉर्म घेतला तरी कागदाला तांबडी बोटं उमटली, सगळा वाचला आणि म्हणाले, "म्हंजे ह्यो फोटू परदेशात इकला तर तुमास्नी पैसं, आणि ह्या पोराच्या आयला दावायला काय?" पोरं गप्प. फॉर्मच्या तळाला आता पेनानं एक ओळ वाढवलीय, एक प्रिंट घरपोच.