गुणांच्या शेजारी जेवणाचा रकाना

अमेरिकेतल्या एखाद्या सरकारी प्राथमिक शाळेचं वार्षिक प्रगतिपत्रक उघडलं, की वरच्या अंगाला वाचनात आणि गणितात किती टक्के मुलं ‘प्रवीण’ ठरली ते दिसतं. खाली मुलांची वर्गवारी असते: गोरी, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतली), आशियाई, इंग्रजी शिकणारी, अपंगत्व असलेली. त्यातच ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ असा एक रकाना. वर्षानुवर्षं हा आकडा शाळेच्या स्वयंपाकघरातून येत आला आहे. किती मुलं फुकट किंवा सवलतीत जेवतात, तेवढी मुलं गरीब, असा तो हिशेब.

जेवणाचा कायदा १९४६ चा, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीचा. महायुद्धाच्या सैन्यभरतीत कुपोषणापायी बाद झालेले तरुण डोळ्यांसमोर होते, शेतकऱ्यांकडच्या जादा मालाची सोयही लावायची होती. शिकण्याची पातळी मोजायचा विचार त्यात कुणाच्या मनातही नव्हता. पुढे सवलतीची उत्पन्नमर्यादा ठरली. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४० सेंटला. आईबाप घरी फॉर्म भरत आणि मूल तो दप्तरातून शाळेत आणून देई.

गुणांची कहाणी वेगळ्या वाटेने आली. ११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्या जुन्या शाळेसमोर बसून शिक्षणाच्या मोठ्या केंद्रीय कायद्यावर सही केली. शेजारी होत्या त्यांच्या पहिल्या बाई, केट डेड्रिक लोनी. चार वर्षांच्या लिंडनला त्या मांडीवर घेऊन वाचून घेत. गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्राचा पैसा देणारं ‘टायटल वन’ हे कलम याच कायद्यातलं. मात्र सिनेटर रॉबर्ट केनेडी यांचा आग्रह होता, की पैसा दिला तर मुलं खरोखर शिकली का तेही तपासा. मूल्यमापनाची अट अशी शिरली.

पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानेच तो मागवला होता. सुमारे ४,००० शाळा आणि सहा लाखांच्या आसपास मुलं इतका त्याचा पसारा होता. काळ्या मुलांच्या शाळांना इमारती, पुस्तकं, साधनं कमी मिळतात आणि म्हणून ती मागे पडतात, असंच निघेल असं बहुतेकांना वाटत होतं. निघालं ते असं, की गुणांतल्या फरकाशी साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा आणि वर्गसोबत्यांच्या घरच्या परिस्थितीचा संबंध जास्त आहे. यावरून ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा सोयीस्कर अर्थ अनेकांनी काढला. अहवाल तसं म्हणत नव्हता. पण तेव्हापासून घरची माहिती बाजूला ठेवून गुणांबद्दल बोलणं अवघड झालं, हे खरं.

तरीही शाळेचा एकच सरासरी आकडा सांगून वेळ मारून नेता येत असे. वरची मुलं इतकी वर, की तळाची झाकली जायची. टेक्सासने १९९३ मध्ये गटवार निकालावर शाळांना जबाबदार धरायला सुरुवात केली. त्याच राज्याचे गव्हर्नर राहिलेले जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ८ जानेवारी २००२ रोजी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ (एकही मूल मागे राहू नये) या कायद्यावर सही केली आणि ती पद्धत देशभर गेली. तिसरी ते आठवी दरवर्षी परीक्षा, प्रत्येक गटाचा निकाल स्वतंत्र, एक गट जरी घसरला तरी सगळ्या शाळेवर ठपका आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं प्रवीण. हे शेवटचं उद्दिष्ट कुठल्याही शिक्षकाने पहिल्याच दिवशी हसण्यावारी नेलं असतं. पण गट वेगळे दाखवायला लावणं ही त्या कायद्यातली खरी कामाची गोष्ट होती, असं मला वाटतं. किंमत मात्र मोठी पडली. पास होण्याच्या काठावरच्या मुलांवर सगळी मेहनत, बाकीची वाऱ्यावर. अटलांटात तर २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांमध्ये उत्तरपत्रिकांत फेरफार आढळले. २०१५ च्या नव्या कायद्याने शिक्षा सैल केल्या, गटवार आकडे ठेवले.

हे आकडे वाचताना एक गोष्ट हमखास निसटते. बालवाडी ते पाचवीच्या शाळेत परीक्षा फक्त तिसरी, चौथी आणि पाचवीची. म्हणजे निम्म्या इयत्ता निकालात नसतातच. तिसरीला मागच्या वर्षीचे गुण नसल्याने मूल किती पुढे सरकलं हे कळतं ते चौथी-पाचवीचंच. ‘प्रवीण’ची रेघही प्रत्येक राज्य आपापली ओढतं.

वंशाचे रकानेही स्थिर नाहीत. १९७७ मध्ये ते केंद्राने ठरवले. २०१०-११ पासून शाळांनी हिस्पॅनिक आहात का हे आधी विचारायचं ठरलं आणि ‘दोन किंवा अधिक वंश’ असा नवा गट आला. त्या साली काही शाळांतली मुलं तीच राहून आकडे बदलले. पालकांनी उत्तर दिलंच नाही, तर शाळेतल्या कुणीतरी मुलाकडे पाहून खूण करायची, असा नियम होता. आपल्याकडून गेलेल्या इंजिनिअरचं मूल आणि लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या ह्मॉंग कुटुंबाचं मूल, दोघंही ‘आशियाई’.

आणि जेवणाचा रकाना? २०१४ पासून देशभर नवी सोय आली. शाळेतली ४० टक्के मुलं सरकारी मदतीच्या याद्यांवरून आपोआप पात्र ठरत असतील, तर शाळेला सगळ्यांनाच फुकट जेवण देता येतं, फॉर्मची भानगड नाही. २०२३ मध्ये ही अट २५ टक्क्यांवर आली. फॉर्म भरायला लाजणाऱ्या मुलांसाठी उत्तमच झालं. मोजमाप मात्र मोडलं, कारण अशा अनेक शाळांच्या रकान्यात एका वर्षात १०० टक्के दिसू लागले. म्हणून बरीच राज्यं आता अन्नसाहाय्यासारख्या योजनांच्या याद्या शाळेच्या पटाशी जुळवून आकडा काढतात. कागदपत्रं नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला, पण अन्नसाहाय्याच्या यादीत त्याचं नाव येत नाही. पूर्वी त्याच्या आईने भरलेला जेवणाचा फॉर्म तरी होता.