पैशांच्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागल्यानंतर: दरखास्त, पात्रता आणि कागदपत्रे

हातउसने दिलेले पैसे, थकलेले बिल किंवा परत न मिळालेली अनामत यांसाठी केलेला दावा मंजूर झाला की बहुतेकांना वाटते, आता न्यायालयच समोरच्याकडून रक्कम वसूल करून आपल्या हाती देईल. तसे होत नाही. न्यायालय हुकूमनामा देते, म्हणजे कोणी कोणाला किती रक्कम, किती व्याजाने आणि किती खर्चासह द्यायची हे ठरवून देते. देणेकऱ्याने ती आपणहून दिली नाही, तर हुकूमनामा मिळालेल्या व्यक्तीला वसुलीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला आपल्याकडील न्यायालयांत दरखास्त म्हणतात. तिची प्रक्रिया दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील कलम 36 ते 74 आणि आदेश 21 (संहितेला जोडलेल्या नियमांचा एक भाग) यांत दिलेली आहे.

दरखास्त हुकूमनामा देणाऱ्या मूळ न्यायालयात दाखल करायची असते. देणेकरी दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल किंवा त्याची मिळकत तिकडे असेल, तर कलम 39 खाली हुकूमनामा त्या न्यायालयाकडे वर्ग करून घेता येतो. मुंबईतील लघुवाद न्यायालय, म्हणजे लहान रकमांचे दावे चालवणारे न्यायालय, 1882 च्या वेगळ्या कायद्याखाली चालते. मुंबईबाहेरच्या लघुवाद न्यायालयांना 1887 चा कायदा लागू असून त्यांना स्थावर मिळकतीवर जप्ती आणता येत नाही. त्यामुळे तेथील हुकूमनाम्यासाठी घर किंवा जमीन जप्त करायची असेल, तर तो आधी दिवाणी न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो.

दरखास्त कोणाला करता येते

ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला ती व्यक्ती, तिच्या मृत्यूनंतर तिचे वारस आणि ज्याला हुकूमनामा लेखी हस्तांतरित करून दिला आहे तो, हे दरखास्त करू शकतात. हुकूमनामा अनेकांच्या नावे असेल तर त्यांपैकी एकालाही सर्वांच्या लाभासाठी ती करता येते. देणेकरी मयत झाला असेल तर त्याच्या वारसांविरुद्ध दरखास्त चालते, परंतु त्यांची जबाबदारी मयताच्या मिळकतीपैकी जे त्यांच्या हाती आले तेवढ्यापुरतीच असते.

मुदत कायद्यानुसार हुकूमनामा अंमलात आणण्याजोगा झाल्यापासून 12 वर्षांच्या आत दरखास्त करता येते. ही मुदत लांब दिसली तरी थांबू नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. हुकूमनाम्याला दोन वर्षे उलटल्यानंतर दरखास्त केली, तर आधी देणेकऱ्याला नोटीस काढावी लागते आणि त्या अवधीत जंगम वस्तू हलवल्या जातात, खाती रिकामी होतात. अपील दाखल झाले एवढ्यावरून वसुली थांबत नाही. त्यासाठी अपील न्यायालयाचा स्पष्ट स्थगिती आदेश लागतो. हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे देणेकरी हजर नसताना, झाला असेल, तर तो रद्द करण्यासाठी देणेकऱ्याला साधारणपणे 30 दिवसांत अर्ज करता येतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

कागदपत्रे

न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्राची व हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्यावी. दरखास्तीचा नमुना संहितेच्या परिशिष्ट ई मध्ये 6 क्रमांकाला आहे. त्यात दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावे, हुकूमनाम्याची तारीख, अपील झाले आहे काय, आजवर काही रक्कम मिळाली काय, पूर्वी दरखास्त केली होती काय, आज व्याज व खर्चासह किती येणे आहे, आणि न्यायालयाने वसुली कोणत्या मार्गाने करावी, एवढे लिहायचे असते. व्याजाचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडून जोडावा. हुकूमनाम्यात 80,000 रुपये मुद्दल आणि दरसाल 6 टक्के व्याज असेल, तर वर्षाला 4,800 रुपये आणि अडीच वर्षांचे 12,000 रुपये होतात. सोबत ओळखीचा पुरावा, वकील दिला असल्यास वकालतनामा, कोर्ट फी आणि नोटीस किंवा वॉरंट बजावण्याची फी लागते.

दरखास्तीचे यश ज्या कागदांवर खरोखर अवलंबून असते ते याहून वेगळे आहेत. देणेकऱ्याची मिळकत कोठे आहे हे शोधण्याचे काम न्यायालय आपणहून करत नाही, ते दरखास्तदाराला करावे लागते. जमीन असेल तर सातबारा व आठ-अ उतारा, शहरातील जागा असेल तर मिळकत पत्रिका, आणि जप्तीसाठी चतुःसीमा किंवा गट क्रमांकासह अचूक वर्णन द्यावे लागते. देणेकऱ्याने पूर्वी दिलेला एखादा धनादेश जपून ठेवला असेल तर त्यावरून बँक, शाखा आणि खाते क्रमांक कळतो. तो नोकरीत असेल तर मालकाचे पूर्ण नाव व पत्ता लागतो.

यातले काहीच माहीत नसेल तरी मार्ग बंद होत नाही. हुकूमनाम्याची रक्कम 30 दिवस न फेडलेली राहिली, तर आदेश 21 नियम 41 खाली अर्ज करून देणेकऱ्याने आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा आदेश मागता येतो. प्रतिज्ञापत्राचा नमुना परिशिष्ट ई मधील 16-अ हा आहे. आदेश मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. या तरतुदीचा वापर दरखास्तदारांनी अधिक करायला हवा, कारण अंदाजाने मागितलेले जप्ती वॉरंट घेऊन बेलीफ, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणारा कर्मचारी, रिकाम्या हातानेच परत येतो.

वसुलीचे मार्ग

पगारावरील जप्ती हा लहान रकमांसाठी सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. कलम 60 नुसार पगारातील पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. जप्तीयोग्य हिशेबात धरायचा पगार 31,000 रुपये असेल तर 30,000 चा एक तृतीयांश, म्हणजे दरमहा 10,000 रुपये न्यायालयात भरण्याचा आदेश मालकाला होतो. मात्र एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात 24 महिन्यांपलीकडे चालत नाही.

बँक खात्यातील शिल्लक, किंवा तिसऱ्या कोणाकडून देणेकऱ्याला येणे असलेली रक्कम, आदेश 21 नियम 46-अ खाली थेट न्यायालयात भरायला लावता येते. जंगम वस्तूंची जप्ती बेलीफ करतो, पण अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे यांना हात लावता येत नाही. शेतकऱ्याचे राहते घर, शासकीय निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधी यांनाही संरक्षण आहे. स्थावर मिळकत जप्त झाल्यावर देणेकऱ्याने ती खासगीरीत्या विकली, तरी ती विक्री जप्तीखालील मागण्यांविरुद्ध निरर्थक ठरते. पुढे विक्रीचा जाहीरनामा, त्यानंतर किमान 15 दिवसांनी लिलाव, आणि लिलावानंतर 60 दिवसांत रक्कम भरून विक्री रद्द करून घेण्याची देणेकऱ्याला संधी, असा हा लांबचा मार्ग आहे.

अटकेची मागणी अनेक जण रागाच्या भरात पहिलीच करतात. ती शेवटची ठेवावी. केवळ ऐपत नाही म्हणून कोणाला कैदेत टाकता येत नाही, ऐपत असून तो टाळतो आहे किंवा मालमत्ता लपवतो आहे हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच हे स्पष्ट केले आहे. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही, आणि 2,000 रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कोणालाच कैद होत नाही. कैदेतील निर्वाहभत्ता दरखास्तदाराला आगाऊ भरावा लागतो. कैद भोगल्याने कर्ज फिटत नाही, पण त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा अटकही करता येत नाही.

दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला आहे. प्रत्यक्षात विलंब होतो. तारखा वाढत असतील तर या निर्देशाचा उल्लेख करून लेखी अर्ज देणे योग्य ठरते.

रक्कम मिळाल्यावर

देणेकऱ्याने न्यायालयाबाहेर पैसे दिले तर त्याची न्यायालयात नोंद होणे दोघांच्याही हिताचे आहे, कारण नोंद नसलेली फेड दरखास्तीत विचारात घेतली जात नाही. देणेकऱ्याला अशा नोंदीसाठी 30 दिवसांची मुदत आहे. अंशतः रक्कम मिळाली असेल तर तेवढ्याचीच पुरसीस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) द्यावी, आणि पूर्ण फेडीची पुरसीस पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही करून द्यावी. मिळकत न सापडल्यामुळे दरखास्त निकाली निघाली, तरी 12 वर्षांच्या मुदतीत देणेकऱ्याला नोकरी लागल्याचे किंवा त्याच्या नावे जमीन आल्याचे कळताच नवी दरखास्त करता येते.