शेवगा
शेवगा हा मोरिंगेसी कुलातील, झपाट्याने वाढणारा आणि ठिसूळ लाकडाचा वृक्ष असून त्याला संस्कृतात शिग्रू व शोभांजन अशी नावे आहेत. तो मूळचा वायव्य भारतातील हिमालयाच्या पायथ्याचा. त्याच्या ‘मोरिंगा ओलेइफेरा’ या शास्त्रीय नावातील दुसऱ्या पदाचा अर्थ ‘तेल देणारा’ असा होतो. खान्देशात मात्र त्याची ओळख शेंगेची आणि पाल्याचीच आहे.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील कडक उन्हाळा त्याला मानवतो, पण मुळाशी पाणी साचलेले सोसत नाही. त्यामुळे तापीकाठच्या काळ्या जमिनीत तो निचऱ्याच्या जागी, बांधावर किंवा परसात लावावा. लागवड बियांपासून किंवा जाड फांदी रोवून होते. फांद्या सहज मोडत असल्याने छाटणी वेळेवर करावी लागते. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, त्यांच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते.

कोवळा पाला देठावरून ओरबाडून, मुगाच्या किंवा तुरीच्या डाळीत शिजवतात. फुलांचीही भाजी होते. शेंगांचे बोटभर तुकडे करून वरचे दोर सोलतात आणि भाजलेला कांदा, सुके खोबरे व काळा मसाला यांच्या रश्श्यात टाकतात. ज्वारी व अख्खे उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीबरोबर हा रस्सा विशेष जमतो, कारण चोखलेल्या शेंगेचा गर आणि मसाल्याचा तिखटपणा दोन्ही ती शोषून घेते. पाल्यात अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य, कॅल्शियम व प्रथिने भरपूर असतात. मुळे मात्र विषारी घटकांमुळे खाऊ नयेत.

तेल मिळते ते झाडावरच वाळू दिलेल्या शेंगांतून. त्या तडकल्या की तीन पातळ पंखांचे बी बाहेर पडते. त्याच्या गरात साधारण 30 ते 40 टक्के तेल असते. त्यातील मेदाम्लांत सुमारे 70 टक्के ओलेइक आम्ल असते, म्हणून ते लवकर खवट होत नाही. ते ‘बेन तेल’ म्हणून ओळखले जाते आणि त्यातील बेहेनिक आम्लाला या तेलावरूनच नाव मिळाले. पूर्वी घड्याळांच्या नाजूक यंत्रांना ते वंगण म्हणून लावत, आणि फुलांचा सुगंध धरून ठेवण्याच्या गुणामुळे अत्तरांतही वापरत. शेंगदाणा तेलाला सरावलेल्या खान्देशी स्वयंपाकघरात ते रुजले नाही.

तेल काढल्यावर उरलेली पेंडही मोलाची आहे. तिच्यातील धनभारित प्रथिने गढूळ पाण्यातील ऋणभारित कणांना चिकटतात आणि गाळ तळाशी बसतो. सुदानमधील स्त्रिया नाईलचे पाणी निवळण्यासाठी या बियांची पूड वापरत आल्या आहेत. तापीच्या पुरातल्या मातकट पाण्यालाही हीच क्रिया लागू पडते. परंतु सर्व रोगजंतू तिने नष्ट होत नाहीत, म्हणून निवळलेले पाणी उकळूनच प्यावे.