ठरलेला किराणा (बेळगाव सीमाभाग)

मसाला, तिखट, हिंग, चहा, लोणचे अशा वाणसामानात एकच छाप किंवा एकाच दुकानाचा माल वर्षानुवर्षे घेत राहण्याची सवय. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातील मराठी घरांत ती ठळकपणे दिसते. यादीत नुसते ‘मसाला’ लिहून भागत नाही, पुढे नाव लागते. ते नाव दुकानात नसेल तर पाठवलेला मुलगा रिकामी पिशवी घेऊन घरी येतो.

हा भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. व्यापाराच्या वाटा मात्र दोन्हीकडच्या चालू राहिल्या, त्यामुळे बेळगावच्या रविवार पेठेत कोल्हापूर-पुण्याचा आणि हुबळी-बंगळूरचा माल एकाच फळीवर मिळतो. एकाच फडताळात पुण्याच्या प्रवीण मसालेवाल्यांचा (स्थापना १९६२) अंबारी कांदा-लसूण मसाला असतो, आणि त्याला खेटून बंगळूरच्या एमटीआरची सांबार पूड. आमटी-उसळीला पहिला, इडलीबरोबरच्या सांबाराला दुसरी. अदलाबदल केलेली घरात लगेच ओळखू येते. भाषेवरून किराणा ठरतो हा समज इथल्या स्वयंपाकघरात टिकत नाही.

एमटीआर हे मुळात १९२४ मध्ये सुरू झालेले उपाहारगृह. आणीबाणीत खाद्यपदार्थांचे दर बांधले गेले, हॉटेल चालवणे परवडेना, तेव्हा ते तयार पिठे आणि मसाल्यांकडे वळले. २००७ मध्ये कंपनी नॉर्वेच्या ऑर्क्ला उद्योगसमूहाकडे गेली. सांबाराची चव ओळखीची राहिली तोवर मालकाची चौकशी कोणी केली नाही.

सर्वांत घट्ट निष्ठा मात्र छापील पुडीवर नसते. ती असते घरच्या तिखटावर, ज्याला इकडे ‘चटणी’ही म्हणतात. फेब्रुवारी-मार्चपासून मिरच्यांची खरेदी सुरू होते. रंगासाठी हावेरी जिल्ह्यातील बेडगी, जिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. झणक्यासाठी हुक्केरी तालुक्यातील संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी, गडहिंग्लज भागातही पिकणारी संकेश्वरी. बेडगी सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला सौम्य असते. जाणती बाई पोत्यातली मिरची कानाशी हलवून बघते, मोडून वास घेते. मिरची चिवट लागली तर ओल आहे, मग भाव कितीही उतरला तरी ती घेत नाही. संकेश्वरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक मिरची संकेश्वरी नसते, म्हणून दुकानदारही ठरलेलाच लागतो.

देठे खुडून, उन्हे देऊन, धणे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, लवंग, दालचिनी भाजून सगळे डंकावर, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या मुसळांकडे, नेतात. डंकाखाली कुटताना चक्कीच्या मानाने माल कमी तापतो, त्यामुळे रंग आणि वास टिकतो. आधीच्या गिऱ्हाईकाचे तिखट उखळात राहू नये म्हणून ते झाडून घेतल्याशिवाय बाई आपल्या मिरच्या ओतू देत नाही. शिंकत, पदर नाकाला लावून ती शेवटपर्यंत तिथेच बसते. बेडगी किती आणि संकेश्वरी किती हे प्रमाण सासूकडून सुनेकडे तोंडी येते. माहेरचे प्रमाण वेगळे असेल तर पहिली एक-दोन वर्षे जेवणाच्या ताटावर त्याची चर्चा होते, आणि पुष्कळदा सुनेचीच चव घरात रुजते. या लेखकाच्या मते सीमाभागाच्या खाद्यसंस्कृतीत जपण्याजोगे सर्वांत मोलाचे ज्ञान हेच आहे. ते लिहून ठेवायला हवे.

हिंगाचीही अशीच गोष्ट. बाजारातील हिंग बहुधा बांधणीचा असतो: अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येणारा कच्चा चीक, त्यात पीठ आणि डिंक. प्रत्येक छापाचे प्रमाण निराळे, म्हणून चिमूटही निराळी. डबी बदलली की फोडणीचा हात चुकतो. लोणच्याच्या मसाल्यात गिरगावच्या बेडेकरांचे (१९१०) नाव जुन्या घरांत अजून घेतले जाते. गूळ मात्र नावापेक्षा ढेपेचा रंग बघून घेतात.

पुण्या-बंगळूरला नोकरीला गेलेल्या मुलांच्या सामानात तिखटाचा डबा जातोच, दोन पिशव्यांत बांधून, वर दोरी. घरी उरलेले चिनी मातीच्या बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवतात. पावसाळ्यानंतर ते संपत आले तर आधी जावेकडे किंवा बहिणीकडे मागतात. नाइलाजाने पुडी आणलीच तर ती वेगळ्या डब्यात राहते, बरणीत ओतत नाहीत.