चिनी अक्षरचिन्हे (हान्झी)

चिनी भाषा लिहिण्यासाठी वापरली जाणारी चिन्हे. चिनीत त्यांना ‘हान्झी’, म्हणजे हान लोकांची अक्षरे, म्हणतात. सुमारे ३,२०० वर्षे खंड न पडता वापरात असलेली ही लिपी आहे. आज प्रचलित असलेल्या दुसऱ्या कोणत्याही लिपीची सलग परंपरा इतकी दीर्घ नाही. प्रत्येक चिन्हाला साधारणपणे ‘मा’, ‘शान’, ‘छिंग’ असा एकेक छोटा उच्चार आणि त्याबरोबर एक अर्थ असतो. नागरी लिपीतल्या ‘म’ला स्वतःचा अर्थ नसतो; हान्झीला तो असतो. चीनच्या इतिहासात या लिपीला जो मान, जी भीती आणि जे राजकारण चिकटले, त्याचे मूळ बरेचसे याच फरकात आहे.

मराठीत हिला सर्रास ‘चित्रलिपी’ म्हणतात. ते थोडेच खरे आहे. सूर्य, चंद्र, झाड, घोडा, पर्वत यांची चिन्हे चित्रांतून आली हे निश्चित. दोन झाडे शेजारी काढली की राई, तीन काढली की अरण्य. सूर्य आणि चंद्र एकत्र आले की ‘उजळ’. झाडाशेजारी माणूस म्हणजे विसावा. छपराखाली डुक्कर म्हणजे घर. ही उदाहरणे प्रत्येक प्राथमिक पुस्तकात येतात आणि वाचकाला वाटते की सगळी लिपी अशीच कोड्यांची आहे. प्रत्यक्षात ऐंशी टक्क्यांहून अधिक चिन्हे वेगळ्याच रीतीने घडलेली आहेत. त्यांतला एक भाग अर्थाचे क्षेत्र सुचवतो, दुसरा उच्चार सुचवतो. ‘छिंग’ उच्चाराच्या एका चिन्हाला पाण्याची खूण जोडली की ‘नितळ’, सूर्याची जोडली की ‘निरभ्र’, वाणीची जोडली की ‘विनंती’, हृदयाची जोडली की ‘भावना’. उच्चार चारही ठिकाणी छिंगच, फक्त सूर (आवाजाची चढउतार) बदलतो. ‘मा’ म्हणजे आई, या चिन्हात स्त्रीशेजारी घोडा असतो. घोड्याचा आईशी संबंध काही नाही. घोड्यालाही ‘मा’ म्हणतात, एवढेच. मात्र उच्चार शतकानुशतके बदलत गेल्यामुळे अशा खुणा आज पुष्कळदा फसवतात. नदीवाचक ‘ज्यांग’ या चिन्हात पाण्याशेजारी ‘गुंग’ उच्चाराचा घटक आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या दोन उच्चारांत जवळीक होती, आज ती कानाला जाणवत नाही.

ही घडण पहिल्यांदा पद्धतशीर मांडली ती हान काळातल्या श्यू शन या विद्वानाने. इ. स. १०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या ‘शुओवन ज्येझी’ या कोशात ९,३५३ चिन्हे ५४० मूलघटकांखाली (चिन्हांत पुन्हापुन्हा येणाऱ्या सामाईक भागांखाली) लावलेली आहेत. वर्णमालाच नसलेल्या भाषेत शब्द शोधायचा कसा, या प्रश्नाचे ते पहिले समाधानकारक उत्तर होते. १७१६ मध्ये सम्राट खांगशीच्या आज्ञेने तयार झालेल्या कोशात ४७,०३५ चिन्हे आली आणि मूलघटक २१४ वर उतरले. हा मोठा आकडा ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही, कारण त्यातली बहुतेक चिन्हे पर्यायी रूपे किंवा केव्हाच मेलेले शब्द आहेत. चीन सरकारच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ चिन्हे आहेत आणि त्यांपैकी रोजच्या वापराची म्हणून पहिल्या गटात ३,५०० ठेवली आहेत.

उगम

दंतकथेप्रमाणे पीतसम्राटाचा चार डोळ्यांचा लेखनिक त्सांग-ज्ये याने पशुपक्ष्यांच्या पाउलखुणा पाहून अक्षरे निर्माण केली. त्या वेळी आकाशातून धान्याचा वर्षाव झाला आणि रात्री भुते रडली, असे इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या ‘ह्वाइनानझी’ या ग्रंथात म्हटले आहे. भुते का रडली, यावर टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

उपलब्ध पुरावा मात्र हाडांवरचा आहे. हनान प्रांतात आन्यांग येथे सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या शांग घराण्याच्या राजधानीत कासवांची कवचे आणि बैलांच्या फऱ्याची हाडे सापडली. त्यांवर राजाने दैवाला विचारलेले प्रश्न कोरलेले होते : पाऊस येईल का, स्वारी यशस्वी होईल का, दात कशामुळे दुखतो. हाड तापवून त्याला पडलेल्या चिरांवरून कौल लावत आणि पुष्कळदा पुढे काय घडले तेही कोरून ठेवत. राजा वू तिंग याची राणी फू हाओ हिच्या बाळंतपणाबद्दलचा असा एक लेख प्रसिद्ध आहे. निकाल नोंदवला आहे तो असा : शुभ झाले नाही, मुलगी झाली. विशेष म्हणजे राणीच्या नावातले ‘हाओ’ हे चिन्ह स्त्री आणि मूल यांचे मिळून झालेले आहे आणि पुढे त्याचाच अर्थ ‘चांगले’ असा रूढ झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेतकरी ही हाडे ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून औषधवाल्यांना विकत. ती कुटून औषधात घालत. १८९९ मध्ये वांग यीरोंग या अधिकारी विद्वानाने त्यांवरची अक्षरे ओळखली असे मानतात, आणि १९२८ पासून तेथे शास्त्रीय उत्खनन सुरू झाले. या लेखांत साडेचार हजारांच्या आसपास वेगवेगळी चिन्हे आढळतात. त्यांतली जेमतेम एकतृतीयांश निश्चितपणे लागली आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला.

इ. स. पू. २२१ मध्ये छिन सम्राटाने सहा राज्ये जिंकली. तोलमापे आणि गाड्यांच्या चाकांमधले अंतर ठरवून दिले, तशीच अक्षरांची रूपेही एक केली. हे काम मंत्री ली स याच्याकडे होते. त्याच्या वळणदार मुद्रालिपीपेक्षा कारकुनांची भराभर लिहायची सरळ रेषांची लिपीच हान काळात टिकली, आणि तिच्यातून आजचे प्रमाण वळण आले.

एक लेखन, अनेक बोली

उत्तरेकडच्या पेकिंगचा (बीजिंगचा) आणि दक्षिणेकडच्या कँटनचा माणूस आपापल्या बोलीत बोलू लागले तर एकमेकांचे समजत नाही, लिहून दाखवले तर समजते, असे नेहमी सांगितले जाते. चिनी दूरचित्रवाणीवर चिनी कार्यक्रमांखालीही चिनी मजकूर सरकत असतो तो यामुळेच. पण हे अर्धसत्य आहे. कँटनचा माणूस शाळेत जे लिहायला शिकतो ते त्याच्या बोलीचे व्याकरण नसते. १९२० च्या दशकापासून ते उत्तरेकडच्या बोलीवर बेतलेले आहे आणि त्यापूर्वी कोणीच बोलत नसलेली अभिजात भाषा लिहिली जात होती. हाँगकाँगमध्ये कँटनी बोली जशीच्या तशी लिहिण्यासाठी वेगळी चिन्हे चालतात. एकीचे श्रेय लिपीइतकेच त्या सामाईक ग्रंथभाषेला आणि ती कसोटीला लावणाऱ्या, सरकारी अधिकारी निवडण्याच्या राजपरीक्षांना द्यायला हवे. या परीक्षा १९०५ मध्ये बंद झाल्या.

हीच ग्रंथभाषा जपान, कोरिया आणि व्हिएतनाममध्ये गेली. एकमेकांची भाषा न येणारे तिथले विद्वान समोरासमोर बसून कुंचल्याने कागदावर ‘बोलत’. पुढे कोरियाने १४४६ मध्ये स्वतःची ध्वनिलिपी जाहीर केली, व्हिएतनाम रोमन लिपीकडे वळला, तर जपानने हान्झी आपल्या दोन ध्वनिलिप्यांबरोबर ठेवली. तिथल्या सर्वसामान्य वापराच्या यादीत २,१३६ चिन्हे आहेत.

संस्कृतशी गाठ

बौद्ध ग्रंथ चीनमध्ये पोचले तेव्हा या लिपीपुढे मोठा पेच उभा राहिला. परकी नावे नुसत्या ध्वनीने लिहायची तरी वापरायच्या चिन्हांना अर्थ असतोच. ‘मार’ या बौद्ध सैतानासाठी भुताच्या खुणेवर ‘मा’ उच्चाराचा घटक बसवून नवे चिन्ह घडवले गेले; आज चिनीतल्या सगळ्या राक्षसांना आणि जादूलाही तेच चिन्ह लागते. ‘क्षण’ हा शब्द ‘छाना’ या रूपात आजच्या बोलण्यातही आहे. ‘प्रज्ञा’चे भाषांतर न करता तो शब्द ध्वनीनेच लिहावा, कारण चिनी प्रतिशब्दाने त्याचे वजन कमी होईल, असे भारतात आलेला चिनी भिक्षू युआन श्वांग (ह्युएन त्संग) याचे मत सांगितले जाते. त्याने ६४१ च्या सुमारास पुलकेशी दुसऱ्याच्या राज्याला भेट दिली आणि महाराष्ट्राचे नाव ‘मो-हो-ला-छा’ असे चार चिन्हांत लिहिले. संस्कृत वर्णमालेचा परिणाम याहून खोल आहे. तांग काळाच्या (सातवे ते दहावे शतक) अखेरीस शौवन या भिक्षूच्या नावाने ओळखली जाणारी ३६ आद्य व्यंजनांची मांडणी कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशा वर्गांची आहे. आपल्या भाषेचे ध्वनी सुटे करून पाहण्याची ही रीत चिनी पंडितांनी संस्कृतकडून उचलली.

मान आणि धाक

लिहिलेला कागद पायदळी येऊ देऊ नये, केरात टाकू नये, ही समजूत चिनी समाजात मोठ्या निष्ठेने पाळली जाई. कागदाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. तिथे मात्र त्याची संस्थाच झाली. अक्षरांचा मान राखणारी मंडळे माणसे नेमून रस्त्यावरचे लिखित कागद गोळा करवीत, ते खास बांधलेल्या भट्टीत जाळत आणि राख नदीत किंवा समुद्रात सोडत. तैवानमध्ये मेइनोंग आणि लोंगथान येथे अशा मनोऱ्यासारख्या भट्ट्या अजून उभ्या आहेत.

दुसरी बाजू धाकाची. सम्राटाच्या नावातली अक्षरे लिहायची नाहीत. लिहावीच लागली तर एक रेघ गाळायची किंवा दुसरे अक्षर वापरायचे. खांगशीच्या व्यक्तिनामात ‘श्वेन’ होते म्हणून राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचे ‘श्वेनवू’ हे नाव बदलून ‘शनवू’ केले गेले, ते आजही तसेच आहे. वांग शीहौ नावाच्या कोशकाराने खांगशी कोशाला नावे ठेवणारा आपला कोश काढला आणि त्यात सम्राटांची नावे पूर्ण छापली. १७७७ मध्ये त्याला देहदंड झाला. याउलट सम्राज्ञी वू त्स-थिएन हिने सातव्या शतकाच्या अखेरीस डझनभर नवी चिन्हेच प्रचारात आणली. स्वतःच्या नावासाठी तिने रिकाम्या आकाशावर सूर्य आणि चंद्र ठेवले. तिच्यानंतर ही चिन्हे मागे पडली.

या साऱ्या मानमरातबात बायकांना जागा जवळजवळ नव्हती. हुनान प्रांतातल्या ज्यांगयोंग भागात बायकांनी हान्झीतूनच तिरप्या, नाजूक रेघांची ‘न्यूशू’ ही ध्वनिलिपी घडवली. मैत्रिणींची पत्रे, लग्नानंतर नवरीला पाठवायच्या पुस्तिका, दुःखाची गाणी यांत ती वापरली जाई. परंपरेने ती शिकलेली शेवटची स्त्री २००४ मध्ये वारली.

सुलेखन

चीनमध्ये सुलेखनाचे स्थान चित्रकलेहून वरचे आहे. कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याचा दगड यांना अभ्यासिकेची चार रत्ने म्हणतात. नवशिक्या ‘योंग’ (सदैव) हे एकच अक्षर घोटतो, कारण त्यात आठ मूलभूत फटकारे आहेत असे मानले जाते. सर्वांत गौरवलेली कृती वांग शीचची. ३५३ मध्ये शाओशिंगजवळच्या ऑर्किड मंडपात मित्रमंडळी जमली, ओढ्यात मद्याचे पेले सोडले, कविता झाल्या, आणि वांगने त्या कवितांना प्रस्तावना लिहिली. तिच्यात ‘झ’ हे साधे अव्यय सुमारे वीस वेळा येते आणि दर वेळी त्याचे वळण वेगळे आहे. मूळ प्रत तांग सम्राट थायझोंगने स्वतःबरोबर पुरून घेतली असे सांगतात. आज आहेत त्या नकला.

प्रस्तुत लेखकाला त्याहून बोलकी वाटते ती तांग काळातल्या यान चनछिंग या सुलेखनकाराची ७५८ मधली कृती. बंडखोरांनी मारलेल्या पुतण्यासाठी लिहिलेला हा श्राद्धलेखाचा कच्चा मसुदा. सुरुवात संयत आहे. मग खाडाखोड होते, कुंचला कोरडा पडेपर्यंत लेखक शाईत बुडवत नाही, ओळी वेड्यावाकड्या होतात. सुंदर अक्षर काढण्याचा हेतूच इथे नाही आणि तरी चिनी रसिक तिला सर्वश्रेष्ठ कृतींत गणतात. ती तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. २०१९ मध्ये प्रदर्शनासाठी टोकियोला पाठवली तेव्हा चीनमध्ये आणि तैवानमध्येही संताप उसळला.

रोजच्या व्यवहारात अक्षरे शकुन आणतात. नववर्षाला दारावर ‘फू’ (सौभाग्य) हे अक्षर उलटे लावतात, कारण ‘उलटे’ आणि ‘आले’ या शब्दांचा उच्चार सारखा आहे. ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’शी जुळतो म्हणून अनेक इमारतींत चौथा मजलाच नसतो. नाव ठेवतानाही अर्थाचा विचार होतो. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना ‘हुआ’ (चीन) हे अक्षर जोडले होते. त्यामुळे सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिथे ‘ख-तिहुआ’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या मुलाचे नाव ‘यिन्हुआ’ : भारत आणि चीन.

विसावे शतक आणि नंतर

चीनच्या दुबळेपणाला ही अवघड लिपीच जबाबदार आहे, असे १९१० च्या दशकापासून अनेक सुधारक म्हणू लागले. लू शूनसारख्या लेखकाने रोमन लिपीचा पुरस्कार केला. कम्युनिस्ट सरकारने मधला मार्ग घेतला. १९५६ पासून चिन्हांच्या रेघा कमी केल्या आणि १९५८ मध्ये ‘पिन्यिन’ ही रोमन उच्चारपद्धती शाळांत आणली. १९७७ मध्ये सुलभीकरणाची दुसरी फेरी काढली, पण लोकांना ती रुचली नाही आणि १९८६ मध्ये मागे घेतली गेली. तैवान, हाँगकाँग आणि मकाव जुनीच रूपे वापरतात. ‘प्रेम’ या चिन्हातले हृदय सरकारने काढून टाकले, हा टोमणा तिकडे अजून ऐकू येतो. साक्षरता वाढण्याचे श्रेय सुलभीकरणाला कितपत द्यावे हा वाद आहे; जुनी लिपी ठेवूनही तैवान जवळजवळ पूर्ण साक्षर झाला.

संगणक आणि मोबाइलवर बहुतेक लोक पिन्यिनने उच्चार टंकित करून पुढे येणाऱ्या यादीतून अक्षर निवडतात. त्यामुळे वाचता येते पण हाताने लिहिता येत नाही, अशी अवस्था सुशिक्षितांचीही झाली आहे. ‘लेखणी उचलली आणि अक्षर विसरलो’ या अर्थाचा चार अक्षरी वाक्प्रचार तिथे सर्वतोमुखी आहे. आणखी एक अडचण दुर्मिळ चिन्हे नावात असलेल्यांची. संगणकात त्यांचे अक्षरच नसल्याने बँक, विमान तिकीट, ओळखपत्र अशा ठिकाणी अडवणूक होई. ती दूर करण्यासाठी २०२३ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय संगणक-मानकात ८७,८८७ चिन्हे समाविष्ट केली आहेत.