जुन्या ॲनलॉग सिंथमध्ये बदल करून घेण्याआधी

आमच्याकडे जुना सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटमधून सूर काढणारं वाद्य) घेऊन येणारे बहुतेक जण विचारतात, "यात अजून काय बसवता येईल?" आम्ही उलट विचारतो, यात आतापर्यंत कोणी काय बसवलंय? चाळीस-पन्नास वर्षांचं वाद्य किती हातांतून गेलेलं असतं कोण जाणे. म्हणून आधी झाकण उघडून आतले फोटो तुम्हाला दाखवतो, खर्च त्यानंतर सांगतो.

टीबी-३०३ आणि डेव्हिल फिश

जपानच्या रोलँड कंपनीचा टीबी-३०३ हा छोटा बेस सिंथ १९८१ ते १९८४ एवढाच काळ बनला. एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी, हा हेतू. त्या कामाला तो फारसा कोणाला आवडला नाही. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी मात्र १९८२च्या सुमारास तो वापरून रागांची रेकॉर्ड काढली. ३०३च्याच आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं नाचाचं संगीत, ॲसिड हाउस, त्यानंतरचं. ३०३चा स्लाइड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आपल्या मींडेच्या किती जवळ जातो, ते ती रेकॉर्ड ऐकली की कळतं.

पण मूळ यंत्रात हा स्लाइड किती वेळात व्हावा ते ठरलेलं आहे, त्याला नॉबच नाही. डिकेचा, म्हणजे सुराची धार किती वेळात ओसरावी याचा, नॉब आहे, पण ॲक्सेंट (जोर) दिलेल्या सुरांवर तो चालत नाही. ऑस्ट्रेलियातले रॉबिन व्हिटल १९९०च्या दशकापासून 'डेव्हिल फिश' नावाने जे बदल करून देत आले, त्यांत नेमक्या या गाठी सोडवल्या आहेत: स्लाइडचा वेळ कमीजास्त करता येतो, ॲक्सेंटच्या सुरांना वेगळा डिके मिळतो, ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाटका करणं) येतो, शिवाय बाहेरचा आवाज फिल्टरमधून, म्हणजे आवाज गाळणाऱ्या सर्किटमधून, घेता येतो. (तानपुरा घालून बघा. दहा मिनिटं तरी हात निघत नाही.)

आमच्या मते एखाद्या यंत्राचा स्वभाव ओळखून केलेला याच्याइतका चांगला बदल क्वचितच सापडेल. तरीही आम्ही त्याची नक्कल करून देत नाही. एवढे नवे नॉब आणि जॅक बसवायचे तर पेटीला भोकं पाडावी लागतात, आणि पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही.

आम्ही काय करतो

जे परत काढता येईल तेवढंच. एआरपी या अमेरिकन कंपनीच्या ओडिसी सिंथच्या नंतरच्या काही नगांमध्ये फिल्टरच्या डिझाइनमधल्या चुकीमुळे वरचे सूर दबतात. तिथे मोजके रेझिस्टर बदलले की आवाज मोकळा होतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मूग कंपनीच्या मिनीमूग सिंथला 'फीडबॅक (बाहेर आलेला आवाज पुन्हा आत सोडणं) बसवून द्या' अशी मागणी नेहमी येते. त्यासाठी आम्हाला पैसे देऊ नका. हेडफोनच्या आउटपुटमधून एक केबल मागच्या एक्स्टर्नल इनपुटला लावा आणि त्या इनपुटचा नॉब हळूहळू वाढवा, आवाज जाड होऊन गुरगुरायला लागेल. गायकाची पट्टी काळी एक असली तरीही बदलाची गरज नाही, ट्यूनचा नॉब तेवढा सरकतो.

त्याच कंपनीच्या मेमरीमूगचं दुखणं वेगळं. सहा व्हॉइस (एका वेळी वाजणारे सूर), प्रत्येकी तीन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटं), म्हणजे अठरा जणांना एका सुरात धरायचं. जर्मनीच्या लिनट्रॉनिक्स या कंपनीने आतलं बरंच काही बदलून त्यावर इलाज काढला. ते काम आमच्या आवाक्यातलं नाही.

आणण्याआधी

जपानी बाजारातला सिंथ १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२०च्या आसपासचा. मागची पट्टी वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका. बदलासाठी म्हणून आलेले काही सिंथ शेवटी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरसाठीच आमच्याकडे राहिले आहेत. सूर हलतो अशी तक्रार असेल तर आधी अर्धा तास चालू ठेवून बघा. पावसाळ्यात स्लायडर खरखरले तर तो बिघाड नव्हे, साफसफाईचं काम आहे, आणि ते बहुधा त्याच दिवशी होतं.

काढलेला प्रत्येक मूळ भाग पाकिटात घालून परत देतो. ते पाकीट जपा, पुढे विकताना गिऱ्हाईक तेच मागतं.

आणि ३०३ आणताना सेल काढू नका. त्यातले पॅटर्न सेलवरच टिकतात.